आय बेग टू स्टेट दॅट

दहावीतला भाचा आणि इंग्रजी व्याकरण एकाच रविवारी घरात शिरणार असतील, तर मामाने पिशवी घेऊन मंडईत निघून जावं. पण ताईचा फोन आधी येतो. "आयुष्यभर ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिलीस ना? मग तूच घे त्याचं ग्रामर." त्या पत्रांत 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड'च्या पुढे माझी मजल फारशी गेलेली नाही, हे तिला कोण सांगणार?

विषय होता कॉम्प्लेक्स सेंटेन्स, म्हणजे आपलं मिश्र वाक्य. त्यात एक इंडिपेंडंट क्लॉज, म्हणजे मुख्य वाक्य असतं, आणि निदान एक डिपेंडंट, म्हणजे गौण. पहिला स्वतःच्या पायावर उभा राहतो, दुसऱ्याला आधार लागतो. क्लासच्या नोट्समध्ये ओळखायची कसोटीही चौकटीत छापली होती: एक तुकडा झाका, उरलेल्याला अर्थ लागतो का बघा. मी एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेतला आणि 'बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम' या वाक्यावर ठेवला. 'वी स्टेड ॲट होम' ऐटीत उभं राहिलं. पुठ्ठा सरकवला, तर 'बिकॉज इट वॉज रेनिंग' अधांतरी.

"अधांतरी कसं?" भाचा म्हणाला. "घरी का थांबलास असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणणार ना?"

"बोलताना चालतं. पेपरात नाही."

"म्हणजे पेपरात पाऊस पडला तरी कुणाला सांगायचं नाही?"

आम्हाला इंग्रजी भेटलं पाचवीत, तेही घाबरत घाबरत. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासूनच आलं, त्यामुळे ही पिढी इंग्रजीशी भांडू शकते. आम्ही नुसते गुण घालवायचो. त्याचं कारणही मराठीतच आहे, असं माझं ठाम मत आहे. मराठीत गौण वाक्य सहसा एकटं येत नाही. 'जेव्हा' आलं की 'तेव्हा' आलंच, 'जो'च्या मागे 'तो', 'जरी'च्या मागे 'तरी'. इंग्रजीत 'ऑल्दो' येतं आणि पलीकडे त्याच्या स्वागताला कुणीच नाही! 'ऑल्दो ही इज रिच' लिहून स्वल्पविराम दिला की मराठी हात आपोआप 'बट' लिहितो. वाक्य कसं भरल्यासारखं वाटतं. मास्तर तांबडी रेघ मारतात.

'इफ'चं तर विचारूच नका. पाऊस उद्या पडायचा आहे. आपण म्हणतो 'पाऊस पडला तर', म्हणजे क्रियापदाचं रूप कालचं. इंग्रज म्हणतो 'इफ इट रेन्स', म्हणजे आजचं. 'इफ इट विल रेन' असं लिहिणारा पोरगा एकटाच पाऊस उद्या पाडतो, आणि गुण त्याचाच जातो.

हे सगळं निभावलं. अडलं ते नाउन क्लॉजपाशी, म्हणजे नामाचं काम करणाऱ्या नामवाक्यापाशी. वाक्य होतं, 'व्हॉट ही सेड इज राँग.' डिपेंडंट क्लॉज 'व्हॉट ही सेड', म्हणून त्यावर पुठ्ठा ठेवला. उरलं 'इज राँग.' आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"मामा, हा इंडिपेंडंट?"

काय सांगणार? नामवाक्य मुख्य वाक्याच्या पोटातच असतं. इथे ते कर्त्याच्या खुर्चीत बसलंय, त्याला झाकलं की कर्ताच गेला. म्हणजे झाकून बघायची ती कसोटी इथे कुचकामी. त्यापेक्षा 'बिकॉज', 'इफ', 'दॅट', 'व्हॉट' असा जोडशब्द कुठल्या तुकड्याच्या कपाळावर आहे ते पाहावं आणि मोकळं व्हावं. पण चौकटीत छापलेल्या गोष्टीशी वाद घालायची मामालोकांना परवानगी नसते.

मग मला शाळेत पाठ केलेला रजेचा अर्ज आठवला. 'आय बेग टू स्टेट दॅट आय वॉज सफरिंग फ्रॉम फीवर.' यात मुख्य काय? 'आय बेग टू स्टेट.' ताप गौण. सरकारी पत्रांत 'आय ॲम डायरेक्टेड टू से दॅट' असतं. वरून आदेश आहे, म्हणून सांगतोय, हे मुख्य. तुमची गडचिरोलीला बदली झाली, हे 'दॅट'च्या पलीकडे, गौण. बायको म्हणते, "मला वाटतं की आज तुम्ही भांडी घासावीत." यातलं मुख्य वाक्य 'मला वाटतं' हे आहे, असं मी तिला व्याकरणाच्या आधारे पटवून पाहिलं. भांडी घासताना पुढचा विचार केला.

राहिला ॲडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे नामाबद्दल माहिती सांगणारं गौण वाक्य. त्याचं उदाहरण खाली लिफ्टपाशी टांगलेलं होतं, म्हणून भाच्याला तिथे घेऊन गेलो. सोसायटीची नोटीस: 'मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, शॅल नॉट पार्क देअर कार्स.' स्वल्पविराम नसते, तर गाडी लावायची बंदी फक्त पैसे थकवलेल्यांना. दोन स्वल्पविरामांनी मधला क्लॉज नुसती जादा माहिती झाला: मेंबर म्हणजेच थकबाकीदार, आणि गाडी कुणीच लावायची नाही. भाच्याला हे एका क्षणात कळलं. त्याने खिशातून पेन काढलं, तेवढ्यात लिफ्टमधून सेक्रेटरी बाहेर आले.

"नोटिशीवर काय लिहितोयस रे?"

"काका, तुमच्या स्वल्पविरामांमुळे सगळेच मेंबर थकबाकीदार झालेत."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला आणि नोटीस पुन्हा सावकाश वाचली.

"एक जोशीकाकू सोडल्या तर आहेतच सगळे," ते म्हणाले. "आणि काकूंकडे गाडी नाही. राहू दे ते स्वल्पविराम."