गहू कोणाले पचते, कोणाले नाही

"गहू म्हंजे सरळ जहर हाय बे," असं म्हणत गजूनं चहासोबतचा टोस्ट माझ्याकडं सरकवला. संध्याकाळी आम्ही चौघं ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर बसतो. गजूनं दोन महिन्यांपासून गहू सोडलाय. पोट उतरलं, जेवल्यावर फुगत नाही, हे आम्हालाही दिसतंय. पण परवा त्यानं बायको-पोरांच्याही पोळ्या बंद केल्या आणि तिथून वाद पेटला.

मास्तर म्हणाले, "आमचा बुढा पंगतीत वांग्याच्या भाजीसंगं आठ-आठ रोडगे खाये. काय झालं त्याले?"

"पंगतीत खाये. घरी काय खाये, मास्तर? भाकरच ना?"

हे मात्र गजूचं खरं. आमच्या लहानपणी पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. रोजचं ताट ज्वारीची भाकर, चून आणि अंबाडीची भाजी. पुढं शेतात सोयाबीन आलं, ज्वारी मागं पडली, रेशनचा गहू घरात आला. तरी एवढ्यावरून गहू जहर ठरत नाही.

मला बोलावंच लागलं, कारण आमच्या घरात गव्हानं खरोखर एक लेकरू वाळवलं. बहिणीची पोर, आमच्याकडंच शिकते. 9 वर्षांची, पण दिसायची 6 वर्षांची. हिमोग्लोबिन 7 च्या वर सरकत नव्हतं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार जास्त, म्हणून आधी ती तपासणी झाली. ती साफ निघाली. मग एका दवाखान्यानं दीड वर्ष नुसत्या लोहाच्या गोळ्या चारल्या. गोळी पोटात जायची, रक्तात उतरायची नाही. शेवटी नागपुरात एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी करवली आणि दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला. सीलिअ‍ॅक निघाला. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषते. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की पोरीचं शरीर स्वतःच्याच लवेवर तुटून पडायचं. लव पार झिजून सपाट झाली होती.

"मंग मी तेच तं सांगून राह्यलो!" गजू उसळला.

"तेच नाही सांगत तू. तिच्या भावाचीबी तपासणी केली. एकाच तव्यावरची पोळी खाते तो, काही निघालं नाही. त्याचा गहू कशाले बंद करू?"

मग मी त्यांना हॉलंडची गोष्ट सांगितली. विलेम डिके नावाचे लेकरांचे डॉक्टर होते. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळं तिथं उपासमार पडली, पाव मिळेना. सगळी पोरं खंगत होती आणि या आजाराची पोरं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो तिथं पक्का झाला. तोच पाव बाकीच्या लेकरांना जीवदान होता.

गजूचं पोट फुगायचं ते खोटं नाही. पण गव्हात फ्रुक्टन नावाची साखर असते, ती आपल्या आतड्यात पचत नाही, खाली जाऊन आंबते, गॅस धरते. कोणाला जाणवत नाही, कोणाला बसू देत नाही. कांद्या-लसणातही तीच. शिवाय गव्हासोबत गजूचे समोसे, बिस्किटं, टोस्टही सुटलेत. मग गुण कशाचा आला? आणि खरी भानगड अशी, की गहू सोडून बसल्यावर टीटीजी केली तर आजार असूनही तपासणी साफ येऊ शकते. आधी तपासणी, मग गहू बंद, हा क्रम मी त्याला दोनदा सांगितला.

मास्तरांना शुगर आहे. त्यांनी पोळी सोडून तीन-तीन भाकरी सुरू केल्या, साखर काही उतरेना. भाकरीत ग्लुटेन नसतं, पिष्ट असतंच की! 2015 मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी 800 लोकांची साखर आठवडाभर मोजली. तेच अन्न खाऊन एकाची चढली, दुसऱ्याची जेमतेम हलली. मास्तरांनी जेवणानंतर दोन तासांनी स्वतःची मोजावी, शेजाऱ्याची भाकर मोजू नये.

चक्कीवाले दादा इतका वेळ गप्प होते. "पोरीले किती गहू चालते मंग? चिमूटभर?"

"नाही दादा. ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोभर पिठात 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको. एका चिमूट कणकेत तेवढं भरून जाते. डबीतल्या हिंगातबी बहुतेक मैदा असते, तो सोडला आम्ही."

"मी तं चक्की झाडून घ्यायचो तिच्या ज्वारीच्या आधी."

"झाडून दगडातलं पीठ निघत नाही. म्हणून घरघंटी घेतली. आता हिमोग्लोबिन 11 वर आहे तिचं."

दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सहा महिने झाले, तुमचा डबा नाही आला दळाले. मले वाटलं, माह्या हातून काही चुकलं, वहिनी नाराज झाल्या."

सांगायला हवं होतं मी, आणि ते तिथंच कबूल केलं.

"औंदा मी दोन एकर ज्वारी पेरली," दादा उठताना म्हणाले. "तिच्यासाठी कणसासकट नेजा. दाणा माह्या चक्कीले शिवलाबी नाई पायजे."