कापसाची पऱ्हाटी जाळू नका, उद्या ती जहाजाला लागणार आहे

काल नागपूरजवळच्या बुटीबोरीहून एका सूतगिरणीवाल्या भाऊंचा फोन, म्हणे जहाजाच्या भाड्याच्या बिलात एमिशन सरचार्ज म्हणून एक लाइन आहे, हे काय नवीन आणि आपण काऊन भरायचं? माझं काम एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं, त्यामुळे हा प्रश्न आता नेहमीचाच झालाय. २०२४ पासून युरोपियन युनियननं जहाजांच्या कार्बनवर पैसे लावले, आपल्याकडून तिकडे गेलेल्या फेरीचा अर्धा धूर ते हिशोबात धरतात, आणि जहाज कंपनी तो खर्च आपल्याच बिलात टाकते. नागपुरात समुद्र नाही म्हणून सुटका नाही भाऊ!

जहाजात आजही बहुतेक करून रिफायनरीचा गाळच जळतो, इतका घट्ट की तापवल्याशिवाय पंपातून पुढे सरकत नाही. त्याऐवजी एलएनजी, म्हणजे थंड करून पातळ केलेला नैसर्गिक वायू घ्या म्हणतात, पण त्यातला थोडा मिथेन न जळताच हवेत सुटतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो, मला तो रस्ता पटत नाही. अमोनियात कार्बनच नाही, पण विषारी आहे, गळती झाली तर खाली इंजिन रूममधल्या माणसाचं काय? मला मिथेनॉल पटतं, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल. साध्या तापमानाला पातळ राहतं, नेहमीसारखं टाकीत भरता येतं, आणि २०२३ मधे मर्स्क या जहाज कंपनीचं लॉरा मर्स्क नावाचं जहाज त्याच्यावर चाललं पण. फक्त एका किलोत जुन्या तेलाच्या निम्मीच ताकद, म्हणून टाकी दुपटीहून मोठी लागते, अन् कोळसा किंवा नैसर्गिक वायूपासून न बनवलेलं स्वच्छ मिथेनॉल महाग आहे, मिळतही कमी.

आणि इथंच आपला विदर्भ येतो. हे मिथेनॉल शेतातल्या काडीकचऱ्यापासूनही बनतं, त्याचा आधी गॅस करायचा अन् मग गॅसपासून मिथेनॉल. आपल्याकडे कापूस संपला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटावीच लागते, उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आयतं घर, मग लोक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग लावून काडी लावतात. मागच्या उन्हाळ्यात वर्धेकडे मामाच्या वावरात मी स्वतः पाहिलं, दोन एकराची पऱ्हाटी तासाभरात राख, आणि मामा म्हणे नेणारा कोणी भेटला असता तर फुकट दिली असती.

अडचण तिथंच आहे, पऱ्हाटी फुगीर, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, त्यामुळे गावातच कुट्टी करून दाबून गठ्ठे बांधायची मशीन पाहिजे आणि ती एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. सरकारनं स्वच्छ विजेवर हायड्रोजन बनवायच्या ग्रीन हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले, बंदरांवर मिथेनॉल भरायच्या सोयीची बोलणी सुरू आहेत, मग थोडा पैसा यवतमाळ-वर्ध्याच्या धुऱ्यापर्यंत का येऊ नये? माझी मागणी एवढीच आहे, तालुक्याला निदान एक कुट्टी-गठ्ठ्याचं सेंटर द्या, मार्चच्या आधी.

तुमच्या गावात कोणी पऱ्हाटी विकत नेत असेल तर सांगा, क्विंटलला भाव काय देतात तेही लिहा, मामाला कळवायचं आहे.