टॉवेल घेऊन सिनेमाला

बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले, तिथंच मी लोकांच्या मागं लागतो : या, स्वल्पविराम आणि कंसांचा सिनेमा बघू. मिसळीची ताटली खाली ठेवून अजून कोणी आलेलं नाही.

सिनेमा स्टार वॉर्स. न्यूझीलंडच्या सायमन जॅन्सन या गृहस्थांनी १९९७ पासून कीबोर्डवरच्या खुणा जोडजोडून तो काढायला घेतला. एक फ्रेम ६७ अक्षरं रुंद आणि १३ ओळी उंच, म्हणजे ८७१ खाने. एवढ्या जागेत माणूस, यंत्रमानव आणि अंतराळ, सगळं मावतं. आवाज अजिबात नाही. त्याबद्दल कोल्हापूरकरानं कुरकुर करू नये, १९२० चा ‘सैरंध्री’सुद्धा मूकपटच होता.

छळ सिनेमाचा नाही, दाराचा आहे. तो टेलनेटवर बघायचा असतो, आणि टेलनेट म्हणजे १९६९ पासूनचं म्हातारं. इकडं टाइप केलेलं तिकडच्या यंत्राला पोचवायचं, तिकडून आलेलं पडद्यावर उमटवायचं, एवढंच त्याला येतं. विंडोज एक्सपीपर्यंत ते घरात आपसूक असायचं. व्हिस्टापासून त्याला माळ्यावर टाकलंय. काळ्या खिडकीत (म्हणजे ‘कमांड प्रॉम्प्ट’, जिथं हुकूम टाइप करून द्यायचे) ‘टेलनेट’ लिहून एंटर मारलं की विंडोज म्हणतं, हे कोण, आम्ही ओळखत नाही. मग कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅम्स अँड फीचर्स, डावीकडं ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’, आणि खाली ‘टेलनेट क्लायंट’समोर टिक. काळी खिडकी आधीपासून उघडी असेल तर बंद करून नव्यानं उघडावी. मॅकवाल्यांनी जास्त हसू नये. त्यांच्याकडून २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीत ते काढूनच टाकलंय, वेगळं बसवावं लागतं.

आता पत्ता. ‘टॉवेल डॉट ब्लिंकनलाइट्स डॉट एनएल’. एनएल म्हणजे नेदरलँड्स. टॉवेल म्हटल्यावर घरातलं कोणीतरी दोरीवरचा आणून देतं, ते परत पाठवावं. खरी चूक पुढं होते : बोट सवयीनं ‘ब्लिंकिंग’ लिहून जातं. के नंतर ई, मग एन. आय आणि जी नाही. ‘टेलनेट’, एक जागा सोडून पत्ता, एंटर.

त्याआधी भाषा बघा. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर ‘टेलनेट’च्या जागी ‘ूातलाू’ उमटतं. आजारी माणसानं जांभई दिल्यासारखं. काही जुन्या खिडक्या तर तेही न दाखवता नुसते चौकोन मांडतात.

सगळं बरोबर लिहूनही ‘कनेक्ट फेल्ड’ आलं तर दोन शक्यता. एक, पलीकडचं यंत्र झोपलंय. हे अधूनमधून होतं. अशा वेळी ‘टेलिहॅक डॉट कॉम’ला टेलनेट करून आत ‘स्टारवॉर्स’ हा हुकूम इंग्रजीत, जोडून द्यायचा. दुसरी, तुमच्या वायफायवाल्यानं २३ नंबरचं पोर्ट, म्हणजे टेलनेटचं ठरलेलं दार, बंद ठेवलंय. ऑफिसात आणि कॉलेजात हे हमखास, आणि त्यांचं चुकत नाही. टेलनेट पासवर्डसुद्धा उघड्या पोस्टकार्डावर लिहून पाठवतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या, व्हायरससारख्या पसरणाऱ्या किड्यानं याच दारातून जगभरचे कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले होते. सिनेमाला पासवर्ड लागत नाही म्हणून आपलं निभावतं.

सुरू झाल्यावर खिडकी अरुंद करू नका. किमान ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच हवी. कमी पडली की ओळी मोडतात आणि नायकाचं डोकं एका ओळीत, धड खालच्या ओळीत. हलतं चित्र म्हणजे तरी काय, दर वेळी कर्सर वरच्या कोपऱ्यात नेऊन जुन्या फ्रेमवर नवी छापायची. ती वर जाण्याची खूण तुमच्या प्रोग्रॅमला कळली नाही तर फ्रेमा एकाखाली एक सांडत राहतात. मागून जाणारी आज्जी तेवढ्यात विचारते, “काय रं, व्हायरस शिरला का काय?”

थांबवायची सोय नाही, मागं न्यायची नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटाची वाट बघू नका, जॅन्सननी गोष्ट अर्ध्यात सोडली आहे.

मग उठून जायचं कसं? सवयीनं कंट्रोल आणि सी दाबाल, तर टेलनेट ती कळ स्वतःकडं न ठेवता इमानदारीत नेदरलँड्सला पाठवून देतं. खरी कळ : कंट्रोल धरून उजवा चौकोनी कंस. मग नवी ओळ येते, तिथं ‘क्विट’ लिहून एंटर. नुसतं एंटर मारलं तर पुन्हा सिनेमात. आणि मधल्या वेळात भाषा परत मराठी झाली असेल, तर ‘क्विट’चं ‘ौहगू’ होतं. त्या म्हाताऱ्याला ‘ौहगू’ समजत नाही. हे कळेपर्यंत ते तीनदा लिहून झालेलं असतं. कोपऱ्यातली फुली दाबूनही सुटका होते म्हणा, पण ते तिकीट काढून आत गेलेल्यानं थेटराच्या भिंतीवरून उडी मारण्यासारखं.