‘छंदाचा धंदा केला’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय दोन दिवसांत कितीतरी वेळा वाचला. वडिलांच्या टपाल तिकिटांचे सात अल्बम तुम्ही मला विकलेत. कॅटलॉगमधल्या बेरजेच्या जेमतेम पाचवा हिस्सा मी दिला, आणि तीन आठवड्यांनी त्यातलंच एक तिकीट माझ्या विक्रीच्या यादीत भरमसाट किमतीला दिसलं. ‘आमच्याशी तिकिटांची अदलाबदल करणारा माणूस दुकानदार झाला, छंदाचा धंदा केला,’ असं तुम्ही लिहिलंय.

मान्य नाही ते आधी सांगतो. कॅटलॉगमधला आकडा म्हणजे चांगल्या स्थितीतलं तिकीट व्यापाऱ्याकडून घ्यायला गेलात तर किती पडेल याचा अंदाज. विकणाऱ्याच्या हाती तेवढे पैसे येत नाहीत. साध्या, शिक्का बसलेल्या तिकिटांपुढे जी सर्वांत कमी किंमत छापतात, ती तर तिकिटाची नसतेच. ते निवडून, पाकिटात घालून देण्याच्या कष्टांची असते. अल्बममध्ये बहुतेक तिकिटं अशीच होती, आणि त्यातली बरीच माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून राहतील.

जुनं म्हणजे दुर्मीळ, असंही नसतं. १८४० चं पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, पण ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापलं गेलं आणि आजही विकत मिळतं. त्याच्या कडेला भोकं नव्हती, कात्रीने कापावं लागे. म्हणून चारही बाजूंचा समास शाबूत आहे का, यावर त्याचा भाव ठरतो. तुमच्या वडिलांनी कोरी तिकिटंही हिंज, म्हणजे डिंक लावलेली कागदाची छोटी पट्टी, लावून चिकटवली होती. त्या काळी सगळेच तसं करत, मीही केलं. पण मागचा डिंक बिघडला की भाव उतरतो, त्याला इलाज नाही.

आता त्या एका तिकिटाबद्दल. इथे तुमचं बरोबर आहे.

सातही अल्बम मी एका संध्याकाळी चाळले आणि सगळ्यांचा मिळून एकच भाव सांगितला. पंधरा दिवसांनी तिकिटं सुटी करताना एकाचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली पुसट खूण, उलटा निघाला. कागद छपाईला उलटा लागला की असं होतं, आणि मागून नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. मला तेव्हा फक्त आनंद झाला. तुम्हाला फोन करावा, हे मनातही आलं नाही.

संग्राहकाला असा शोध म्हणजे पर्वणी. १९१८ साली विल्यम रोबी यांनी पोस्टाच्या खिडकीवर २४ डॉलरला शंभर तिकिटांचा ताव घेतला. त्यावर विमान उलटं छापलेलं होतं. आठवड्याभरात त्यांनी तो १५,००० डॉलरला विकला. ही गोष्ट मी लहानपणापासून कौतुकाने सांगत आलोय. पण तिथे विकणारं पोस्ट होतं आणि किंमत तिकिटावरच छापलेली होती. तुम्ही माझ्या नजरेवर विसंबून आला होतात. अदलाबदल करताना आपण दोघंही तिकिटं ओळखणारे असायचो, दोघांच्याही हातात चिमटा असायचा. या व्यवहारात पारख फक्त माझ्याकडे होती, आणि पारखीचेच पैसे मी घेतो. धंदा सुरू केला याचा मला पश्चात्ताप नाही. धंद्यात आल्यावरही संग्राहकासारखा हपापून वागलो, ही माझी चूक.

ते तिकीट यादीतून काढलंय. तपासणीचा दाखला आल्यावर ते विकेन आणि खर्च वजा जाता जे उरेल त्यातलं निम्मं तुम्हाला देईन. यापुढे अल्बम किमान आठवडाभर ठेवून घेईन, भारी तिकिटांची वेगळी यादी विकणाऱ्याला देईन, मगच भाव सांगेन. ज्या देशांची तिकिटं मी विकतो त्यांचा माझा स्वतःचा संग्रहही आता बंद करतोय. उत्तम ते आधी स्वतःकडे ठेवतो, हा तुमचा संशय फक्त बोलून जाणार नाही.

आणखी एक. वडिलांनी प्रत्येक तिकिटाखाली शाईने टिपणं लिहिली होती. तिकिटं काढली तरी ती पानं मी फेकलेली नाहीत, क्रमाने लावून ठेवली आहेत. ती तुमच्या घरी असायला हवीत. कधी पाठवू ते कळवा.