खुलासा: पंधरा दिवसांच्या कोर्सवर शालेय समुपदेशक होता येत नाही

‘बारावी पास, पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स, लगेच शाळेत समुपदेशक’ असा मेसेज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपवर फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. कृपया फी भरू नका.

सीबीएसई शाळांत या पदासाठी किमान पदवी लागते, तीही मानसशास्त्राची. विषय दुसरा असेल तर सोबत समुपदेशनाचा डिप्लोमा. एनसीईआरटीचा असा डिप्लोमा वर्षभराचा आहे आणि त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यावा लागतो.

मुळात हे काम गोड बोलण्याचं नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचं पोर वर्गात गप्प बसतं. ‘काय व्हयनं?’ (काय झालं?) असं अहिराणीत विचारलं की कधी बोलतं, कधी नाही. (पावरा, भिल्ल मुलांशी तर त्यांच्याच बोलीत बोलावं लागतं.) आणि एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, तर त्याने ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं तरी गुपित राखता येत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पंधरा दिवसांत अंगी बाणत नाही.

खरंच यात यायचं असेल तर आधी मानसशास्त्राची पदवी घ्या. शिकता शिकता एखाद्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मुलांसोबत काम करून पाहा.