काखेतला कळसा आधी फुकट द्या, मग विकत घ्या

फुटबॉल क्लब चालवायला घेतलात ना? मग मधल्या फळीची काळजी सोडा. तिथे तीन माणसं लागतात आणि तीन तुमच्याकडे आहेत. चौथा हवाच कशाला? तिघेही मोसमभर ठणठणीत राहणार, पिवळी कार्डं साचून कुणावर बंदी येणार नाही, कुणाचा गुडघा मुरगळणार नाही, असं गृहीत धरून मोकळे व्हा. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीतल्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि पुढे सिटीला तेरा सामन्यांत एकच विजय मिळाला, हा विषय कुणी काढलाच तर योगायोग म्हणा. रॉड्री तेव्हा कुबड्या घेऊन बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, स्वीकारायला गेला होता. म्हणजे त्याचं तरी बरंच चाललं होतं.

अकादमी मात्र हवीच, फोटो छान येतात. तिथला प्रशिक्षक कधीतरी तुमच्या दारात येईल. एक पोरगा आहे म्हणेल, चेंडू यायच्या आधीच दोनदा मान वळवून मागे बघतो, अंगावर माणूस असला तरी गिरकी घेऊन पुढेच पास देतो. चहा पाजा आणि पोराला बेंचवर घ्या.

आता नीट ऐका, खरी कला इथे आहे. पाच बदली खेळाडू उतरवता येतात म्हणून पाच उतरवायचे नसतात. साठाव्या मिनिटाला पोराला वॉर्म-अपला धाडा. रेषेच्या कडेने तो अर्धा तास पळेल, दर दोन मिनिटांनी तुमच्याकडे बघेल. तुम्ही घड्याळाकडे बघा. एकोणनव्वदाव्या मिनिटाला हाक मारा. तो धावत येईल, जॅकेट काढेल, मोज्यात शिनगार्ड सारखे करील. कॉर्नरला कुणाला धरायचं ते सहायक त्याला टॅबलेटवर दाखवील. चौथा पंच पाटीवर आकडे लावून उभा राहील. खेळ थांबल्याशिवाय बदली होत नाही, म्हणून आता फक्त चेंडू बाहेर जायला हवा. तो जात नाही. शिट्टी वाजते. पोरगा जॅकेट पुन्हा चढवतो, बुटांना मातीचा कणही नाही. मोसम संपला की पत्रकारांना सांगा, ‘गुणी आहे, पण अनुभव कमी पडतो.’

अनुभवासाठी त्याला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, दुसऱ्या क्लबात पाठवा. क्लब असा निवडा, जिथे गोलरक्षक थेट आघाडीवीराच्या डोक्यावर चेंडू मारतो. मधल्या फळीतला माणूस तिथे वर बघत उभा असतो. पासिंग सुधारणार नाही, मान मजबूत होईल.

मग विका. वहीत घरच्या पोराची किंमत शून्य असते, त्यामुळे विक्रीचा पैसा त्याच वर्षी अख्खा नफा म्हणून दिसतो. उलट विकत आणलेल्याची किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते, म्हणून पाच वर्षांच्या करारावर दहा कोटींना आणलेला मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) वहीत वर्षाला दोनच कोटी खातो. हिशेबनीस खूश होतो, आणि क्लबात खूश होणारा एवढा एकच माणूस उरलेला असतो.

बैठकीत कुणीतरी स्पेनच्या मिडफिल्डर बुस्केट्सचं नाव घेईलच. २००८ मध्ये बार्सिलोनाने त्याला राखीव संघातून वर घेतलं आणि दोन वर्षांत तो झावी-इनिएस्ताच्या जोडीने विश्वचषकाची अंतिम लढत खेळला, वगैरे. ‘तो काळ वेगळा होता’ म्हणा. मॅकटॉमिनेचं नाव निघालं तर खोकला काढा. मँचेस्टर युनायटेडने घरच्या या मिडफिल्डरला ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला विकलं. नापोलीने त्याच मोसमात इटलीची लीग जिंकली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

तरी कुणाचं समाधान झालं नाही, तर पोग्बाचा दाखला द्या. युनायटेडने अकादमीत घडवलेला हा पोरगा २०१२ मध्ये करार संपवून किरकोळ भरपाईत युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये युनायटेडनेच त्याला ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणलं, तेव्हाचा जागतिक विक्रम. २०२२ मध्ये करार पुन्हा संपला आणि तो पुन्हा युव्हेंटसला गेला. यावेळी तर भरपाईही नाही.