सोपंय, दोनच कमांड हायेत

लातुरात घरी बसून पुण्यातल्या कंपनीची वेबसाइट बनवायचं काम लागलं? अभिनंदन. पहिला आठवडा मात्र कामाचं नाव काढू नका, कारण आधी ते प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर चालू व्हावं लागतं. टीममधल्या दादाला विचारलं तर तो म्हणेल, "सोपंय. दोनच कमांड हायेत." दादावर डोळे झाकून विश्वास ठेवा.

प्रोजेक्टात रीडमी नावाची एक फाइल असते. ती उघडू नका. जो स्वतःच 'मला वाचा' म्हणत फिरतो, त्याला गावात कोण विचारतं? उघडलीच तर आत दोन ओळी असतील: इन्स्टॉल करा, चालू करा. पत्रिकेवर 'विवाहस्थळ: आमच्या राहत्या घरी' छापावं आणि गावाचं नाव विसरावं, तशातला प्रकार.

मग नोड टाका, म्हणजे प्रोजेक्टचा जावास्क्रिप्ट कोड लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्राम, आणि सगळ्यात नवीन टाका. नोडच्या सम आकड्याच्या आवृत्त्या आजवर तीनेक वर्षं सांभाळल्या गेल्या, विषम आकड्यांच्या कपाळी सटवाईनं सहाच महिने लिहिले. तुम्ही विषमच घ्या, आकडा मोठा दिसतो. एनव्हीएम नावाचं एक साधन आहे, ते एकाच लॅपटॉपवर चार आवृत्त्या गुण्यागोविंदानं नांदवतं. प्रोजेक्टात एका ओळीची फाइल ठेवून तिच्यात आवृत्तीचा आकडा लिहिला, की टीमच्या सगळ्या पोरांकडं तीच येते. म्हणून तर ती ओळ कुणी लिहीत नाही. लिहिली तर दादाला फोन कोण करणार?

आता पहिली कमांड, एनपीएम इन्स्टॉल: दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची तयार पॅकेजं नेटवरून आणणारी. ही दुपारी बरोब्बर लाईट जायच्या वेळेला द्यावी. तुमचा वायफायचा डबा इन्व्हर्टरवर असेल हो, पण कोपऱ्यावरच्या खांबावरचा डबा कुणाच्या इन्व्हर्टरवर आहे? मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, गच्चीवर जा, आणि ऊन्ह डोक्यावर घेऊन आकडे मोजत बसा. तुम्ही मागितलेली पॅकेजं वीस, येणार हजार. यात नवल काही नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात एका मित्राला भज्जी-आंबील खायला बोलवा. तो मेव्हण्याला आणतो, मेव्हणा साडूला, साडू आपल्या साहेबाला. साहेब कोण, हे तुम्हालाच काय, मित्रालाही ठाऊक नसतं. पण तो जेवतो तुमच्याच पंगतीला.

आणि त्या साहेबाला कमी लेखू नका. २०१६ च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं रागानं काढून घेतलं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडं मोकळी जागा भरणं. तेवढ्यानं जगभरातली प्रोजेक्टं अडली, शेवटी एनपीएमवाल्यांनी ते पॅकेज परत जागेवर ठेवलं. जग चकित झालं. आपण कशाला होऊ? पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली होती. आपला हंडा दुसऱ्याच्या नदीवर अवलंबून असला म्हणजे काय होतं, हे लातूरकराला कुणी संगणकशास्त्रातून शिकवायला नको.

इन्स्टॉल करताना लाल अक्षरं आली तर वाचू नका. लॉक फाइल उडवा. कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची, हे तिच्यातच लिहिलेलं असतं. ती गेली की प्रत्येक पॅकेज परवानगीत बसेल तेवढं नवं होऊन येतं आणि तुमचं प्रोजेक्ट टीममध्ये एकमेव ठरतं. दादा म्हणेल, "माझ्याकडं तर चालायलंय." त्याच्याकडं चालणारच. त्यानं दोन वर्षांपूर्वी जे बसवलं, त्याला परत हात लावलेला नाही.

पुढं ईएनव्ही फाइल. तिच्यात गुप्त चाव्या, म्हणून ती गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामाईक कोडमध्ये, नसते, आणि ते योग्यच आहे. पण रिकाम्या रकान्यांचा एक नमुना ठेवायचा असतो, तोही नसतो. दादाकडं मागा. तो रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवेल. फाइल नाही, स्क्रीनचा फोटो. मोबाइलनं काढलेला, तिरपा. त्यातली चाळीस अक्षरी चावी हातानं टाइप करा. एल, एक आणि कॅपिटल आय यांतला फरक ओळखायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं.

दुसरी कमांड. हल्ली प्रोजेक्ट चालवायला वीट नावाचं साधन असतं. फ्रेंचमध्ये याचा अर्थ झटपट. मराठीत जो होतो, तो तुम्हाला आतापर्यंत आलाच असेल. वीट ५१७३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या ठरलेल्या सीटवर, बसतं. पण कालचं प्रोजेक्ट तुम्ही बंद न करताच झोपला होता, त्यामुळं ती जागा धरलेली असते. लातूर-नांदेड एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात, तशी. वीट भांडत नाही, मुकाट्यानं पुढच्या सीटवर बसतं: ५१७४. ही ओळ टर्मिनलवर, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, स्पष्ट लिहून येते. ती वाचू नका.

कारण खरी मजा इथून आहे. पान उघडतं, माहिती मात्र येत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवायच्या खिडकीत, कॉर्सचा लाल फलक. कॉर्स म्हणजे कुठल्या पत्त्यावरच्या पानाला सर्व्हरची माहिती द्यायची, याचा नियम. पलीकडच्या सर्व्हरच्या यादीत फक्त ५१७३ ला प्रवेश आहे, आणि ब्राउझरच्या लेखी पोर्ट बदललं की माणूस बदलला. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हे एकाच घराचे, म्हणजे आपल्याच लॅपटॉपचे, दोन पत्ते, तेही त्याला दोन वेगळी घरं वाटतात. उपाय दोन. जुना रुमाल उचलायचा, म्हणजे कालची प्रोसेस मारायची. एका मिनिटाचं काम. नाहीतर ब्राउझरची सुरक्षाच बंद करणारा कुठला तरी जुगाड लावायचा आणि त्याच ब्राउझरमध्ये बँकेचं खातं उघडायचं. आपण अर्थातच दुसरा निवडतो.

पाचव्या दिवशी पान दिसेल. आईला बोलवा. आई चष्मा लावून बघेल आणि म्हणेल, "हे तर नुसतं नाव न् पासवर्डच इचारायलंय की रं." नाव टाका, पासवर्ड टाका, काही होणार नाही. डेटाबेस रिकामा आहे. तो भरायची तिसरी कमांड असते, ती दादा सांगायला विसरला.

एवढं सगळं पार पडल्यावर कुठं काही लिहून ठेवायची बुद्धी होईल. झोपा, सकाळपर्यंत जाते. महिन्याभरात उदगीरचं एक नवं पोरगं टीममध्ये येईल आणि मेसेज टाकेल, "दादा, सेटअप कसा करायचा?" लगेच उत्तर द्यायचं नाही. निळ्या खुणा बंद ठेवा, चहा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी कळवा, "सोपंय. दोनच कमांड हायेत."